उभ्या गाडीची नाडी

बाजाराच्या दिवशी एस. टी. स्टँडबाहेर उभ्या असलेल्या जीपगाड्या तुम्ही पाहिल्याच असतील. चाके हलत नसतात, ड्रायव्हर खाली उतरून पान लावीत असतो, पण बॉनेटखाली इंजिनाची धडधड आपली चालूच असते. एखाद्या गाडीची धडधड एकसारखी, कानाला बरी वाटणारी. दुसरी मात्र दम लागलेल्या माणसासारखी मध्येच अडखळते आणि बघता बघता बंद पडते. असे का होते, ते आज समजावून घेऊ.

ॲक्सिलरेटरवर पाय नाही, गियर लावलेला नाही, अशा वेळी इंजिन ज्या वेगाने फिरत राहते त्या फिरण्याला गाडीवाले ‘आयडलिंग’ म्हणतात. तुम्ही विचाराल, चालायचेच नाही तर फिरायचे कशाला? याचे उत्तर आपल्या चुलीत आहे. रात्री आपण निखारा राखेखाली झाकून ठेवतो. त्यावर काही भाकरी भाजत नाही. पण सकाळी चार काटक्या टाकून फुंकर घातली की जाळ होतो. इंजिनाचेही तसेच. पहिला फेरा त्याला स्वतःहून घेता येत नाही, तो कुणीतरी द्यावा लागतो. म्हणून एकदा सुरू झालेले इंजिन बेताने पेटते ठेवायचे.

हा बेत केवढा? साध्या पेट्रोल मोटारीचे इंजिन तापल्यावर मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेते. शिक्षक बंधुभगिनींनी हा हिशेब वर्गात जरूर घालावा. ८०० फेरे धरा. म्हणजे सेकंदाला तेराहून थोडे अधिक झाले. इंजिनात चार सिलिंडर असतील, तर प्रत्येकात दोन फेऱ्यांना एकदा स्फोट होतो. म्हणजे मिनिटाला १,६०० स्फोट! उभी गाडी काही फुकट उभी नसते, बरं का. तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल ती तशीच पिऊन टाकते.

आता हा वेग बिघडतो कशाने? पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात : हवा, पेट्रोल आणि ठिणगी. वजनाने एक भाग पेट्रोलाला सुमारे पंधरा भाग हवा, असे हे प्रमाण आहे. हवेच्या नळीत एक गोल झडप असते. पाय दाबला की ती उघडते. पाय काढला की जवळजवळ मिटते आणि बारीकशा फटीतून जेमतेम हवा आत जाते. सारी मेख इथेच आहे. पाट भरून वाहत असला म्हणजे काठाचे उंदराचे बीळ कुणाच्या ध्यानात येत नाही. पाणी बोटभर उरले की तेच बीळ सारे पाणी पिऊन टाकते. तसेच इथे. रबरी नळीला चीर गेली, झडपेवर काजळी बसली, पेट्रोलच्या बारीक छिद्रात कचरा अडकला किंवा प्लग झिजला, तर गाडी भरधाव असताना ते फारसे जाणवत नाही. उभी राहिली की मात्र चूक उघडी पडते.

दोन गोष्टी मात्र बिघाडाच्या नव्हेत. पहाटेच्या थंडीत तेल घट्ट असते, पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून सुरुवातीची काही मिनिटे इंजिन मुद्दाम जोरात फिरते. फेरे १,२०० च्या वरही जातात. दुसरी गोष्ट ओझ्याची. रात्री गाडी उभी असताना मोठे दिवे लावून पाहा. आवाज क्षणभर दबतो आणि पुन्हा सावरतो. दिव्यांची वीजही शेवटी इंजिनालाच निर्माण करावी लागते, हे मुलांना याहून सोपे करून कसे सांगणार?

आता खरी सांगायची गोष्ट. समजा, जुन्या कार्ब्युरेटरच्या जीपची नळी चिरली आहे आणि ती चौकाचौकात बंद पडते. ड्रायव्हर काय करतो? वेगाचा स्क्रू पिळतो आणि फेरे वाढवतो. गाडी बंद पडायची थांबते. काम झाले असे त्याला वाटते. पण चीर तशीच राहते, पेट्रोल जास्त जळते, गियर टाकताना हिसका बसतो. आणि घाट उतरताना? पाय काढला तरी इंजिन गाडीला पुरते आवरून धरीत नाही, जास्त भार ब्रेकवर पडतो, ब्रेक तापतात. एवढ्याशा स्क्रूने मागे बसलेल्या माणसांचा जीव टांगणीला लागतो. वैद्य नाडी पाहून रोग ओळखतो; नाडीच पिळून रोग बरा होत नाही.

नव्या गाड्यांत हे काम संगणकाकडे गेले आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बी.एस. ६ चा दंडक लागू झाला आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतूनही कार्ब्युरेटर गेला. अशा गाडीचा काटा उभ्या जागी सारखा खालीवर झोके घेऊ लागला, तर चीर किंवा काजळी असेल असे समजावे आणि मिस्त्रीला ती शोधायला सांगावे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तिथे फेरे राखायचे ते डिझेल कमीजास्त करून. म्हणून आधी डिझेलचा फिल्टर पाहावा.

शेवटी एक इशारा. बंद खोलीत किंवा कुडाच्या बंदिस्त गोठ्यात गाडी चालू ठेवू नका. काचा लावून चालू गाडीत झोपू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही आणि उठूही देत नाही.

तेव्हा उद्या उभ्या गाडीजवळून जाताना घटकाभर कान द्या. अडखळत असेल, तर स्क्रूला हात लावण्याआधी विचारा : हवा, पेट्रोल की ठिणगी?