पेशीचा पत्ता

स्टॉकहोमच्या प्रयोगशाळेत घडलेली ती काचेची पट्टी वरवर पाहिली तर कोणत्याही पॅथॉलॉजी लॅबमधल्या स्लाइडसारखीच. फरक डोळ्यांना दिसत नाही. तिच्यावर 100 मायक्रॉन व्यासाचे सुमारे हजार ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्यावर डीएनएचे कोट्यवधी आखूड धागे रोवलेले असतात. एका ठिपक्यावरच्या सगळ्या धाग्यांचा बारकोड एकच, शेजारच्या ठिपक्याचा वेगळा.

या पट्टीवर ऊतीचा अगदी पातळ काप ठेवायचा. आधी तो नेहमीसारखा रंगवून त्याचा फोटो काढायचा, मग पेशींची आवरणं एन्झाइमने सैल करायची. कोणत्या पेशीत कोणती जनुकं चालू आहेत याचा पुरावा म्हणजे तिच्यातला संदेशवाहक आरएनए. तो बाहेर पडतो आणि दूर न जाता खालच्याच धाग्यांना चिकटतो. पुढे सगळं गोळा करून वाचलं, की प्रत्येक रेणूसोबत त्याचा बारकोडही वाचला जातो आणि तो कापातल्या कोणत्या जागेवरून आला ते कळतं. ती माहिती मूळ फोटोवर बसवली की नकाशा तयार. योआकिम लुंडेबर्ग आणि योनास फ्रिसेन यांच्या गटाने 2016 साली 'सायन्स'मध्ये ही पद्धत मांडली. त्यासाठी त्यांनी उंदराच्या मेंदूतला गंधाचा भाग आणि स्तनाच्या कर्करोगाची गाठ तपासली होती.

त्याआधी जनुकं मोजता येत नव्हती असं नाही. उलट, एकेका पेशीतली हजारो जनुकं मोजण्याची तंत्रं तोवर हाताशी आली होती. पण त्यासाठी ऊतीची वीण मोडून पेशी सुट्या कराव्या लागत. गावाची शिरगणती हाती यावी, त्यात लोहार किती, शिक्षक किती हे असावं, पण कोण कोणाच्या शेजारी राहतं याचा पत्ता नसावा, तशातली गत.

आजारात हा शेजार फार महत्त्वाचा ठरतो. पॅरिसच्या जेरोम गॅलों यांच्या गटाने 2006 सालीच मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ते दाखवून दिलं होतं. प्रतिकारपेशी कोणत्या आणि किती आहेत एवढंच पुरत नाही. त्या गाठीच्या मध्यात आहेत की कडेला, हेही रुग्णाच्या पुढच्या वाटचालीबद्दल सांगून जातं.

स्टॉकहोमच्या पट्टीत एक उणीव होती. माणसाची पेशी साधारण 10 ते 20 मायक्रॉनची, म्हणजे एकाच ठिपक्यावर अनेक पेशी सापडायच्या आणि त्यांचे आवाज एकमेकांत मिसळायचे. अमेरिकेच्या टेनएक्स जिनॉमिक्सने 2018 साली हे तंत्र विकत घेतलं आणि पुढच्या वर्षी ठिपका 55 मायक्रॉनवर आणला. आता 2 मायक्रॉनच्या चौकटींची पट्टीही बाजारात मिळते. हार्वर्डच्या शाओवेई झुआंग यांनी वेगळाच रस्ता धरला. त्यांच्या मरफिश पद्धतीत आरएनए जागचा हलवतच नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली फेऱ्यांमागून फेऱ्या करत त्याचे ठिपके उजळवतात; ठिपका कोणत्या फेरीत उजळला आणि कोणत्या फेरीत नाही, यावरून जनुक ओळखतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 2018 साली निरोगी मानवी शरीराचा असा नकाशा करायला घेतला. आतडं, मूत्रपिंड, वार यांचे नकाशे 2023 साली 'नेचर'मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. काम प्रचंड आहे आणि आजारी ऊतीशी ताडून पाहायला निरोगी ऊतीचा नकाशा लागणारच. तरी मला असल्या महाप्रकल्पांपेक्षा एकच नेमका प्रश्न विचारणारे छोटे नकाशे जास्त मोलाचे वाटतात. म्युनिकजवळ झालेलं एक काम त्याचा उत्तम दाखला आहे.

टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस हा औषधाच्या रिअॅक्शनमुळे होणारा दुर्मीळ आजार. त्यात त्वचा भाजल्यासारखी सोलून निघते आणि साधारण तीनातला एक रुग्ण दगावतो. मॅक्स प्लांक संस्थेतल्या माथियास मान यांच्या गटाने अशा रुग्णांच्या बायोप्सीचे जुने ब्लॉक बाहेर काढले. फॉर्मॅलिनमध्ये टिकवून मेणात बसवलेली ती त्वचा होती. संगणकाने फोटोतल्या पेशी ओळखल्या, लेसरने नेमक्या तेवढ्याच कापून घेतल्या आणि मास स्पेक्ट्रोमीटरने त्यांतली हजारो प्रथिनं मोजली. त्वचेच्या पेशींत आणि प्रतिकारपेशींत जॅक-स्टॅट नावाची संदेशसाखळी भडकलेली दिसली. ती साखळी रोखणारी औषधं संधिवातासाठी आधीच वापरात होती! उंदरांवर चाचण्या झाल्या, मग चीनमध्ये सात रुग्णांना ती दिली गेली. सातही बरे झाले. 2024 सालच्या ऑक्टोबरमध्ये 'नेचर'मध्ये हे प्रसिद्ध झालं.

सात हा आकडा लहान आहे आणि तुलनेसाठी औषध न दिलेला गट त्यात नव्हता, त्यामुळे मोठी चाचणी झाल्याशिवाय हा उपचार सिद्ध झाला असं म्हणता येणार नाही. पण नकाशावरून थेट औषधापर्यंत पोहोचण्याची इतकी सरळ वाट या क्षेत्रात क्वचितच दिसते. बहुतेक नकाशे सुंदर रंगीत चित्रांपाशीच थांबतात. खर्चही भरपूर आहे, आणि काप मुळात कुठून घ्यायचा हे ठरवायला अनुभवी पॅथॉलॉजिस्टचीच नजर लागते.

वाचकांसाठी यातली कामाची गोष्ट म्हणजे तो मेणाचा ब्लॉक. आपण बायोप्सीचा रिपोर्ट फाइलमध्ये जपतो, ब्लॉकची मात्र चौकशीही करत नाही. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात दुसरं मत घ्यायला गेलं की रिपोर्टबरोबर स्लाइड आणि ब्लॉकही मागतात, कारण नव्या तपासण्या त्यातल्या ऊतीवरच करता येतात. तेव्हा ब्लॉक हाती आला तर तो उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका, काम झालं की लॅबला परत करा. आणि संशोधनासाठी संमतीचा फॉर्म पुढे आला, तर वाचल्याशिवाय सही करू नका आणि वाचल्याशिवाय नकारही देऊ नका.