लेकरांचं घर – ६ : ओट्याखालचं दार

गेल्या आठवड्यात पाण्याच्या बादल्या आणि टाक्या झाल्या. आज ओट्याखाली वाकायचं आहे.

रांगतं लेकरू घरभर फिरतं, पण त्याचा मुक्काम स्वयंपाकघरात. आई किंवा आजी तिथे असते आणि भांड्यांचा आवाजही तिथेच होतो. शिरूर तालुक्यात त्यात आणखी एक भर पडते. उसात बिबट्या, म्हणून दिवस मावळायच्या आत पोरं घरात घ्यायची. म्हणजे ऐन भाकरीच्या वेळी, जेव्हा कुणाचाच हात मोकळा नसतो, तेव्हा ती पायात घोटाळत असतात.

जुन्या घरात चूल जमिनीवर असायची, आणि जपायच्या वस्तू शिंक्यावर, फळीवर नाहीतर फडताळात. मग उभा ओटा आला. जाळ वर गेला आणि विष खाली आलं. सिंकखाली बघा: संडास धुवायचं अॅसिड, तुंबलेली मोरी मोकळी करायची पावडर (म्हणजे बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा), फिनेल, आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरलेलं काहीतरी. या शेवटच्या बाटलीची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. लेकराला बाटली ओळखता येते, आतलं द्रव नाही.

म्हणून लॅच घ्यायच्या आधी सामान हलवा. या बाटल्या मूळ डब्यातच, वरच्या कपाटात. शेतीची औषधं तर स्वयंपाकघरात नकोतच. त्यांच्या लेबलवर चौकटीतला खालचा त्रिकोण रंगीत असतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे बिनविषारी नव्हे. त्यांना घराबाहेरची लोखंडी पेटी आणि खरं कुलूप हवं, प्लास्टिकची पट्टी चालणार नाही.

आता लॅच. बाजारात तऱ्हा बऱ्याच, उपयोगाच्या तीन. पहिली चिकटपट्टीची: दोन टोकं चिकटवायची आणि मधला पट्टा दाबून सोडवायचा. दुसरी आतल्या आकड्याची: शटर बोटभर उघडतं आणि अडतं, मग बोट घालून आकडा दाबायचा. तिसरी चुंबकाची: बाहेरून काहीच दिसत नाही, चुंबकाची किल्ली लावली की आतला खटका सुटतो.

निवडताना लोक लेकराकडे बघतात. मी म्हणेन, आजीकडे बघा. घरातल्या सगळ्यात थकलेल्या हाताला, तोही खरकटा आणि ओला असताना, जी लॅच उघडून परत लावता येत नाही, ती आठवड्याभरात उघडीच राहते. दुकानात गेलात तर आजीला सोबत न्या, आणि तिच्याकडूनच दाबून बघा.

आकड्याच्या लॅचमध्ये एक खोट आहे. जी बोटभर फट मोठ्यांच्या सोयीची, तीच लेकराच्या बोटांना चिमटा बसायची जागा. अगदी खालच्या शटरला म्हणून चुंबकाची बरी. फक्त ती घेण्याआधी फ्रिजवरचं एखादं चुंबक शटरला लावून बघा. ते चिकटलं तर शटर लोखंडी पत्र्याचं आहे. किल्लीची ओढ पत्राच खाऊन टाकेल आणि खटका हलणार नाही. आणि किल्ली हरवते. दोन घ्या, एक फ्रिजच्या माथ्यावर चिकटवून ठेवा.

रांजणगाव एमआयडीसीमुळे कारेगावात भाड्याच्या खोल्यांत कितीतरी कुटुंबं राहतात. घरमालक भोक पाडू देत नाही. तिथे चिकटपट्टीच. ती टिकत नाही ही तक्रार खरी, पण दोष बहुधा फोडणीच्या तेलाचा असतो. आमच्याकडची पहिली पट्टी तिसऱ्या दिवशी हातात आली, कारण मी ती नुसत्या फडक्याने पुसलेल्या सनमायकावर लावली होती. आधी साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग स्पिरिटचा बोळा फिरवा. पट्टी अर्धा मिनिट घट्ट दाबून धरा आणि पुढचे २४ तास त्या दाराला हात लावू नका. ऑइलपेंटच्या लाकडावर मात्र पट्टी रंगासकट निघते.

स्वतःचं घर असेल तर स्क्रू. साधारण १८ मिलिमीटरच्या शटरला १२ मिलिमीटरचा स्क्रू पुरतो. लांब घेतलात तर टोक सनमायका फोडून बाहेर येतं. आधी बारीक ड्रिलने वाट करा, नाहीतर पार्टिकल बोर्ड भुगा होऊन सुटतो.

खरी अडचण आपल्या ओट्याची आहे. परदेशी लॅचच्या डब्यावरच्या चित्रात कपाटाला लाकडी चौकट असते. आपल्याकडे दोन कडप्प्यांच्या मधे ट्रॉली सरकते, आणि आकडा अडकायला लाकूडच नसतं. कडप्प्याला ड्रिल लावू नका, पापुद्रा सुटतो. सुताराकडून लाकडाची एक पट्टी कापून घ्या, ती दोन भागांच्या इपॉक्सीने ओट्याच्या खालच्या अंगाला चिकटवा, रात्रभर तशीच राहू द्या आणि लॅचचा दुसरा भाग तिच्यावर बसवा. सुतार म्हणेल, “एवढ्यासाठी कशाला, कडी ठोकतो.” ठोकू द्या, पण वरच्या टोकाला, लेकराचा हात पोहोचणार नाही तिथे.

सगळं बसलं की जमिनीवर मांडी घालून बसा आणि शटर जोराने ओढा, पाच-सहा वेळा. महिन्यातून एकदा पुन्हा ओढून बघा. आणि एक ट्रॉली मुद्दाम उघडी ठेवा: वाट्या, झाकणं, पळी. सगळंच बंद केलं तर लेकरू दिवसभर लॅचशीच झटत बसेल.

एवढं करूनही काही पोटात गेलंच, तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. बाटली सोबत घ्या आणि १०८ला फोन लावा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७. दोन्ही आकडे त्याच शटरच्या आतल्या बाजूला खडूने नको, मार्करने लिहून ठेवा.

पुढच्या भागात अंगावर पडणारं सामान: टीव्हीचं टेबल आणि लोखंडी कपाट.