काड्यांचे पंचवीस, वहीतले पस्तीस

सातारा जिल्ह्यातली एक जिल्हा परिषद शाळा. तिसरीच्या वर्गात मी भिंतीला टेकून बसले आहे. फरशीवर संख्यारेषा आणि अक्षरांचे चौकोन रंगवलेले आहेत. याच जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाच्या, अशाच शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक आले. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमानंतर ज्ञानरचनावादाचं, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचतं या विचाराचं, नाव घेत अशा फरश्या गावोगावी रंगल्या.

मुलं गटागटानं बसली आहेत. गणित आहे बावन्न वजा सत्तावीस. माझ्या जवळचा मुलगा दहा काड्यांचा एक गठ्ठा सोडतो, सुट्यांमध्ये मिसळतो, सत्तावीस काड्या बाजूला करतो.

“बाई, पंचवीस उरल्या!”

“आता वहीत मांड बघू.”

तो उभी मांडणी करतो. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन वजा करतो. उत्तर येतं पस्तीस.

“मग खरं कुठलं?” बाई विचारतात.

“दोन्ही. काड्यांचं वेगळं असतं, वहीतलं वेगळं.”

हे उत्तर निष्काळजीपणाचं नाही. मुलाच्या चुकीतही त्याचा विचार असतो, हे मानसशास्त्रज्ञ पियाजेनं दाखवलं, आणि इथे तो विचार स्पष्ट ऐकू येतो आहे. काड्या हाताळून या मुलानं वजाबाकी खरोखर समजून घेतली आहे. पण ती समज आकड्यांपर्यंत आपोआप पोचलेली नाही.

बाई खाली बसतात, वही काड्यांशेजारी ठेवतात. “सुट्या दोनच. सात कशा देशील?”

“गठ्ठा सोडीन.”

“सोड. गठ्ठे राहिले चार. म्हणून पाचावर काट मारायची, वर चार लिहायचे. सुट्या झाल्या बारा, त्या इथे लिहायच्या.”

बाई सरळ सांगत आहेत, आणि ते योग्यच आहे. लिहिण्याची रीत माणसांनी ठरवलेली. काड्यांकडे कितीही वेळ पाहिलं तरी ती सापडत नाही. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-संशोधकांनी २००६ मध्ये ज्ञानरचनावादी अध्यापनावर हाच आक्षेप घेतला होता: नवशिक्याला पुरेशा मार्गदर्शनाविना सोडलं, तर विचार करताना माहिती धरून ठेवणाऱ्या त्याच्या कार्यस्मृतीवर ताण येतो आणि शिकणं मागे पडतं. जाणत्याच्या मदतीनं मूल पुढचं पाऊल टाकतं, हे मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कीचं म्हणणंही अशा सांगण्याच्या आड येत नाही.

तेवढ्यात पलीकडच्या गटातली मुलगी शेजारणीच्या वहीतून पंचवीस उतरवून घेते. तिच्या काड्यांचा एकही गठ्ठा सुटलेला नाही. बाईंचं तिकडे लक्ष जाणार कसं? दुसरीचा वर्गही त्यांच्याकडेच आहे, आणि कुठली तरी माहिती आजच भरायची म्हणून फोन वाजतो आहे.

मला ज्ञानरचनावाद हवा आहे, म्हणूनच हे बोचतं. “मग खरं कुठलं?” असं विचारून उत्तर ऐकायला थांबणारी शिक्षिका हा त्याचा गाभा आहे. फरशी रंगवायला एक सुट्टी पुरते. प्रत्येक मुलाला हा प्रश्न विचारायचा, तर दर वर्गाला स्वतंत्र शिक्षक हवा आणि शाळेची वेळ कागदांपासून मोकळी हवी. शाळा तपासायला येणाऱ्यांनी आधी या दोन गोष्टी तपासाव्यात.