दुबार पेरणी करताय? मग मॉड पारखून घ्या

परीक्षा संपली, सबमिशनचा गुंता सुटला. निवांत बसून लॅपटॉप उघडला, तर ‘स्टारड्यू व्हॅली’चा जुना सेव्ह सुरूच होईना! किंवा सुरू झाला, पण कोणत्या पेटीत काय ठेवलं होतं हेच आठवेना. मग काय, जुनं सोडा आणि नवा गेम सुरू करा. वाशीमच्या पोरापोरींना हे वेगळं समजावून सांगायला नको. पावसानं दगा दिला की आपल्याकडे दुबार पेरणी करावी लागते, आणि दुसऱ्यांदा पेरताना शेतकरी बियाणं जास्तच पारखून घेतो. नव्यानं गेम सुरू करताना मॉडचंही तसंच करा.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसानं बनवलेला हा गेम २६ फेब्रुवारी २०१६ला आला. आजोबांचं पडीक शेत तुमच्या नावावर होतं. खिशात ५०० नाणी, हातात पार्सनिपच्या १५ बिया. २८ दिवसांचा एक ऋतू, असे चार ऋतू. ऋतू बदलला की त्याचं पीक वाळून जातं. गावकऱ्यांशी ओळख वाढवायची, खाणीत उतरायचं, मासे धरायचे. जुना लॅपटॉप असला तरी हरकत नाही, २ जीबी रॅम आणि ५०० एमबी जागेत काम भागतं.

आणि मॉड? गेममध्ये खेळाडूंनीच केलेली भर. कोणी ट्रॅक्टर आणतो, तर कोणी अख्खं नवीन गाव वसवतो. बहुतेक मॉड फुकट मिळतात, आणि लफडं तिथंच सुरू होतं. पहिल्याच रात्री आपण चाळीस मॉड उतरवतो. तिसऱ्या दिवशी गेम अडकतो, आणि दोषी कोण ते कळत नाही.

एकच कसोटी

गेममध्ये पहिल्या वर्षी रोज सकाळी उठून हंड्यानं, म्हणजे झारीनं, एकेका रोपाला पाणी घालावं लागतं. एखाद्या सकाळी बाहेर आलात आणि पाऊस सुरू असला, की त्या दिवशी पाण्याची सुट्टी. अख्खा दिवस मोकळा! तो आनंद काय असतो, हे जूनमध्ये आभाळाकडे बघत बसणाऱ्या घरातल्या मुलांना सांगायची गरज नाही.

म्हणून कोणताही मॉड टाकण्याआधी स्वतःला विचारा: हा टाकल्यावरही पाऊस पडला तर मला आनंद होईल का? उत्तर ‘हो’ असेल तर टाका. ‘नाही’ असेल तर थांबा. घरी तिफण जाऊन ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र आलं, तरी पेरायचं कधी हे शेतकरीच ठरवतो ना? मॉडनं कष्ट वाचवावेत, निर्णय मात्र तुमच्याकडेच राहू द्यावा.

आधी हे टाका

स्मॅपी: हा पाया. बाकीचे बहुतेक मॉड याच्याच आधारावर चालतात. गेमच्या मूळ फायलींना हात न लावता तो मॉड सुरू करतो. शिवाय सोबतच्या काळ्या खिडकीत कोणता मॉड बिघडला आणि कोणाचं अपडेट आलंय तेही सांगतो.

कंटेंट पॅचर: एकटा टाकला तर काहीच बदललेलं दिसणार नाही. पण चित्रं, नकाशे, संवाद बदलणाऱ्या कितीतरी मॉडना हा लागतोच.

यूआय इन्फो स्वीट २: आज नशीब कसं आहे, कोणाचा वाढदिवस आहे, पीक यायला किती दिवस उरलेत, हे स्क्रीनवरच दिसतं.

लुकअप एनिथिंग: कशावरही कर्सर नेऊन एफ१ दाबा, माहिती हजर. कोणत्या गावकऱ्याला कोणती भेट आवडते तेसुद्धा. पहिल्यांदाच खेळत असाल तर हा टाकू नका, कारण हे शोधून काढण्यातच मजा आहे. पण तुम्ही दुसऱ्यांदा सुरू करताय. एकदा शोधलेलं परत आठवत बसण्यात कसली आलीय मजा?

हे दुसऱ्या वर्षी

ट्रॅक्टर मॉड भारी आहे, वादच नाही. नांगरणी, पेरणी, पाणी, कापणी सगळं करतो. पण मूळ सेटिंगमध्ये त्याचं गॅरेज बांधायला दीड लाख नाणी लागतात. ती किंमत कमी करू नका. घाम गाळून घेतलेल्या ट्रॅक्टरची ऐट वेगळीच असते, हे घरी विचारा. यंत्रांत माल आपोआप भरणारा आणि काढणारा ‘ऑटोमेट’सुद्धा तेव्हाच टाका.

‘सीजेबी चीट्स मेनू’ हवं तेवढं पैसे देतो. बग आला आणि अडकलात तर कामाचा आहे. रोजच्या जेवणात मात्र नको. ‘स्टारड्यू व्हॅली एक्सपांडेड’ नवी माणसं आणि जागा आणतो. तो हवा असेल तर पहिल्या दिवसापासूनच ठेवा. असा मोठा मॉड मध्येच काढला तर सेव्हमध्ये गोंधळ होऊ शकतो.

मॉडला मोड आले का?

घरचं सोयाबीन पेरण्याआधी आपल्याकडे उगवण चाचणी करतात. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि किती उगवले ते मोजायचं. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं चांगलं. इथेही तेच करा:

• एका वेळी दोनच मॉड टाका.
• गेम सुरू करा, एक दिवस काढा, झोपा. झोपल्यावरच गेम सेव्ह होतो.
• स्मॅपीच्या खिडकीत लाल ओळी नसतील तर पुढचे दोन.
• आठवड्यातून एकदा सेव्हचं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा.
• मॉड मूळ पानावरूनच घ्या. कोणीतरी टेलिग्रामवर पाठवलेली झिप उघडू नका.
• गेमचं मोठं अपडेट आलं की घाई करू नका. १९ मार्च २०२४ला १.६ आवृत्ती आली, तेव्हा अनेक जुने मॉड अडले होते.

हे सगळं कॉम्प्युटरवरच्या गेमसाठी बरं का.

गेममध्ये पार्सनिप २० नाण्यांना पेरा, साधा माल ३५लाच जाणार. आवक वाढली म्हणून भाव पडत नाही, कर्जाचा हप्ता नाही. आपल्या घरच्या शेतीपेक्षा हे सगळं आधीच कितीतरी सोपं आहे. ते आणखी सोपं करत गेलात तर खेळायला उरेल काय? पाच-सहा मॉड पुरे झाले. बाकी पाऊस येऊ द्या.