कात्रणे आणि कोपरा

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत ट्रंकेतील गोधड्या गच्चीवर किंवा अंगणातील दोरीवर उन्हात टाकल्या जातात. त्या दिवशी घरातील जुनी माणसे गोधडी जणू वाचू लागतात. हा हिरवा तुकडा आजीच्या इरकली लुगड्याचा, ही निळी पट्टी शाळेच्या गणवेशाची, हे फुलाफुलांचे कापड धाकटीच्या पहिल्या परकराचे. ज्या वस्त्रांचे आयुष्य संपले असे सर्वांनी मानले होते, ती एका शिवणीत एकत्र येऊन आणखी वीस-पंचवीस वर्षे उपयोगी पडतात. मराठी घरातील हस्तकलेचा विचार करताना गोधडीपासून आरंभ करणे म्हणूनच सोयीचे ठरते.

गोधडी शिवण्याची रीत दिसायला सोपी आहे. जमिनीवर एक धुतलेले लुगडे ताणून पसरायचे, त्यावर जुन्या कापडांचे थर द्यायचे, विरलेल्या जागी तुकडे सरकवायचे आणि वर पुन्हा एक लुगडे किंवा तुकड्यांची जोडणी घालायची. नऊवारी लुगड्याची लांबी आठ मीटरच्या वर असल्यामुळे एकाच लुगड्यात घडी घालून दोन-तीन थर सहज मिळतात. मग चारही कडा दुमडून जाड दोऱ्याने धावदोरा घालायचा. अनेक ठिकाणी कडेपासून आत, चौकोनात चौकोन घालत, मध्यापर्यंत शिवत जाण्याची पद्धत आहे. शिवणारी स्त्री गोधडीवरच बसते. तिच्या वजनाने थर सरकत नाहीत आणि कापडाला ताण राहतो. वेगळी चौकट लागत नाही, टेबल लागत नाही, केवळ जमीन लागते.

परंतु ही जमीनच घरात सर्वांत दुर्मीळ असते. मुंबईच्या चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत गोधडी पसरली की दुसऱ्याला पाय ठेवायला जागा उरत नाही. म्हणून हे काम दुपारी चालायचे. पुरुष कामावर, मुले शाळेत आणि चूल शांत असली, म्हणजे गोधडी उलगडायची. चार वाजता ती गुंडाळून पुन्हा माळ्यावर टाकायची. दोन तासांच्या कामातील अर्धा तास पसरण्यात आणि आवरण्यात जाई. उरलेले कापड, उरलेला वेळ आणि उरलेली जागा, या तीन उरलेल्या गोष्टींवर घरगुती हस्तकला उभी राहिली, असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही. यांपैकी उरलेल्या कापडाने कलेचे काही बिघडले नाही, उलट भलेच झाले. उरलेल्या जागेने मात्र पुष्कळ कामे अर्धवट राहिली.

जुन्या कापडाचे थर धावदोऱ्याने जोडण्याची कल्पना एकट्या महाराष्ट्राची नाही. बंगालमधील कांथा आणि बिहारमधील सुजनी याच कुळातील आहेत. मात्र तेथे टाक्यांतून मासे, झाडे, माणसे आणि कथाही उमटतात. उत्तर कर्नाटकातील सिद्दी स्त्रिया कवंदी शिवतात आणि तिच्या कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांची ‘फुले’ लावतात. फुलाशिवायची कवंदी अपुरी समजली जाते. महाराष्ट्रात हेच पांघरूण कुठे गोधडी, कुठे वाकळ म्हणून ओळखले जाते. आता बचत गटांतील स्त्रिया विक्रीसाठीही गोधड्या शिवतात. ग्राहक कापडाची किंमत विचारतो. टाक्यांच्या तासांची किंमत क्वचितच विचारतो.

जुन्या कापडाला आणखी एक शास्त्रशुद्ध गुण आहे. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि कधी रंगही सोडते. अनेकदा धुतलेले कापड आटायचे तेवढे आटून झालेले असते, त्यातील खळ गेलेली असते आणि ते मऊ पडलेले असते. बाळंतविड्यातील झबली, टोपडी आणि दुपटी जुन्या मऊ लुगड्यांची वा धोतरांची शिवत, त्यामागे काटकसर होती तशीच ही जाणही होती. नवे कापड वापरायचेच असेल, तर कापण्यापूर्वी ते धुऊन वाळवून घ्यावे. एकाच गोधडीत सुती आणि नायलॉनचे थर मात्र मिसळू नयेत. नायलॉन सरकते, सुती आटते आणि वर्षभरात गोधडीला फुगवटे येतात.

कापडाला दिशा असते, ही गोष्ट शिंपी जाणतो, पण घरी शिवणारा नवशिका विसरतो. मागावर उभा धागा तो ताणा आणि आडवा धागा तो बाणा. ताण्याच्या दिशेने ओढल्यास कापड फारसे वाढत नाही. बाण्याच्या दिशेने थोडे वाढते. तिरपे, म्हणजे उरेब ओढल्यास ते स्पष्टपणे ताणले जाते. म्हणून गळ्याच्या गोलाईला लावायची पट्टी उरेब कापतात. ती वळणावर सुरकुती न पडता बसते. पिशवीचे बंद मात्र उरेब कापल्यास आठवड्याभरात लोंबू लागतात.

यंत्रावर तयार झालेल्या कागदालाही अशीच दिशा असते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. त्यातील बहुतेक तंतू एका दिशेने पडलेले असतात. त्या दिशेने घडी घातली तर ती सरळ आणि स्वच्छ येते. आडवी घातली तर जाड कागदाची घडी फाटल्यासारखी खरखरीत होते. ही दिशा ओळखण्याचा उपाय अगदी साधा आहे. कागदाचा लहानसा चौकोन एका बाजूने ओला करावा. तो नळीसारखा वळू लागतो आणि नळीची लांबी ज्या दिशेला, त्या दिशेला तंतू असतात. भेटकार्डाची घडी किंवा वहीचा कणा नेहमी या दिशेला समांतर ठेवावा. हातकागदात हा भेद फारसा जाणवत नाही, कारण जाळी हाताने हलवताना तंतू सर्व दिशांना पसरतात.

हातकागदाच्या उल्लेखाबरोबर कापड आणि कागद यांचे जुने नातेही सांगावयास हवे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचे गाव आहे. गावाच्या नावातच तेथील पिढीजात व्यवसाय आहे. पुण्यात १९४० साली हातकागद संस्थेची स्थापना झाली. चांगला हातकागद सुती कापडाच्या कात्रणांपासून होतो. कात्रणे बारीक करून पाण्यात कुटतात, त्यांचा लगदा जाळीवर उचलतात, दाबून पाणी काढतात आणि वाळवतात. शिवणयंत्राखालून पडलेली चिंधी अशा रीतीने लग्नपत्रिकेचा कागद होऊन पुन्हा घरात येऊ शकते. मराठीत कापडाच्या तुकड्यालाही ‘कात्रण’ म्हणतात आणि वर्तमानपत्रातून कापून ठेवलेल्या मजकुरालाही. भाषेने हे नाते आपल्या परीने जपले आहे.

कागदकामाचा मराठी घरातील सर्वांत मोठा सण म्हणजे आकाशकंदील. मुंबई-पुण्याइतकाच तो इंदूर आणि बडोदे येथील मराठी घरांतही लागतो. चांदणीच्या आकाराचा कंदील करायचा असेल, तर बांबूच्या पन्नास सेंटिमीटर लांबीच्या दहा सारख्या काड्या आणि दहा-बारा सेंटिमीटरचे पाच तुकडे घ्यावे. पाच काड्यांची एक चांदणी बांधावी, तशीच दुसरी बांधावी. दोन्ही चांदण्या एकमेकींवर ठेवून पाचही टोके दोऱ्याने जखडावी. मग आतल्या बाजूला काड्या जेथे एकमेकींना छेदतात त्या पाच जागी लहान तुकडे उभे घालावे. सपाट चांदणीला पोट येते ते या पाच तुकड्यांमुळे. गोव्यात नाताळच्या वेळी घराबाहेर लागणारा ताराही पुष्कळदा याच सांगाड्यावर उभा असतो. दिवाळीचा कंदील उतरतो न उतरतो तोच शेजारच्या घरी त्याचे भावंड चढते.

सांगाड्यावर पतंगाचा कागद चिकटवण्यासाठी बाजारातील डिंकापेक्षा घरची खळ सरस ठरते. एक वाटी मैदा पाच-सहा वाट्या पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवून, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवावा. खळ सावकाश वाळते, त्यामुळे वाकडा बसलेला कागद उचलून पुन्हा नीट बसवता येतो. तिला कीड लागू नये म्हणून पूर्वी मोरचूद घालत. ते विषारी आहे. घरात लहान मुले असल्यास खळ बेताची करून दोन दिवसांत संपवणेच चांगले. दिव्यासाठी मागील बाजूचा एक त्रिकोण उघडा ठेवावा. तापणाऱ्या जुन्या दिव्यांपेक्षा एलईडीचा दिवा कागदाला अधिक मानवतो, तरी तो कागदाला टेकू देऊ नये.

हे सारे करताना घराघरांत एक भांडण हमखास होते, ते कात्रीचे. आईची कापडाची कात्री मुले पुठ्ठा कापायला नेतात. यात आईचा राग निव्वळ मालकीचा नसतो. कागद गुळगुळीत आणि पांढरा व्हावा म्हणून त्यात चिनी मातीसारखी खनिजे मिसळलेली असतात आणि ती पात्याची धार बोथट करतात. बोथट कात्री कागद कसाबसा कापते, पण कापड चावते. कापडाच्या कात्रीच्या मुठीला रंगीत चिंधी बांधून ठेवावी. उपाय सोपा असला, तरी तो चालण्यासाठी दोन्ही कात्र्यांना आपापली ठरलेली जागा असावी लागते, आणि येथे प्रश्न पुन्हा जागेकडे येतो.

मराठी घरात शिवणाच्या सामानाला स्वतंत्र जागा क्वचितच मिळाली. सुईदोरा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, गुंड्या औषधाच्या बाटलीत, चिंध्यांचे बोचके पलंगाखाली, रंगीत कागद कपाटामागे. डबा मोठ्या आशेने उघडणाऱ्या मुलाचा झालेला विरस अनेक घरांच्या विनोदाचा भाग आहे. वर्षभर असे विखुरलेले काम लग्नाच्या मांडवात मात्र रुखवत म्हणून दिमाखाने मांडले जाई. भरतकाम, मोत्यांची तोरणे, कागदाची फुले, पुठ्ठ्याचे तुळशीवृंदावन पाहुणे कौतुकाने पाहत. आज तयार रुखवत विकत मिळते, भाड्यानेही मिळते. याबद्दल हळहळ व्यक्त करणाऱ्यांनी एवढा विचार करावा, की ज्या हातांकडून रुखवताची अपेक्षा केली, त्यांना घराने बसायला किती जागा दिली होती?

त्यासाठी स्वतंत्र खोली लागत नाही. खिडकीजवळचा दीड मीटरचा कोपरा पुरतो. उजव्या हाताने शिवणाऱ्याने प्रकाश डावीकडून येईल असे बसावे, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. तिन्हीसांजेला सुई हाती घेऊ नये असा जुना संकेत आहे. त्याचे कारण काहीही सांगितले जात असो, मिणमिणत्या दिव्यात पडलेली सुई सापडत नाही आणि ती उघड्या पायाला सापडते, हे खरे. कोपऱ्यात येताना सुया मोजून घ्याव्या आणि उठताना पुन्हा मोजाव्या. हातसुईचा क्रमांक जितका मोठा तितकी ती बारीक. यंत्राच्या सुईचे उलटे, तेथे मोठा क्रमांक म्हणजे जाड सुई. दोन्ही एका डबीत ठेवल्या की घोटाळा ठरलेलाच.

नित्य लागणाऱ्या वस्तू हाताच्या अंतरावर आणि डोळ्यांसमोर असाव्या. बंद डब्यांच्या उतरंडीतील सर्वांत खालचा डबा सहसा उघडला जात नाही. चिंध्या रंगांपेक्षा पोताप्रमाणे वेगळ्या केल्यास अधिक उपयोगी पडतात. कागद आडवे, सपाट ठेवावे. कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यात कागद वाकतो, सुई गंजते आणि खळीच्या वासाने कसर येते. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर सरकवावे, कापडात कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा आणि आश्विनातील पहिल्या कडक उन्हात सर्व सामान एकदा बाहेर काढावे. प्रत्येक चिंधी मात्र जपण्यासारखी नसते. हाताने ओढताच फाटणारे कापड गोधडीत घातले, तर आतून चुरा होते आणि भोवतालचे टाके सैल पाडते.

कोपऱ्याचा खरा लाभ नीटनेटकेपणाच्या पलीकडचा आहे. तेथे काम अर्धे सोडता येते. स्वयंपाकाची वेळ झाली, दारावर कोणी आले, मूल रडले, तरी गोधडी गुंडाळून माळ्यावर टाकावी लागत नाही. शिवलेला भाग दुमडून, लहान मुलाचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवला, सुई शेवटच्या टाक्याशी उभी खोचली आणि वर एक फडके टाकले, म्हणजे पुरे. दुसऱ्या दिवशी फडके उचलायचे आणि त्याच टाक्यापासून पुढे शिवायला बसायचे.