रोजची एक बाटली

सोलापुराहून पुण्याच्या रस्त्यानें निघालें म्हणजे शहर मागें पडल्यावर चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. कापडाचे, रसायनांचे आणि मोटारींच्या यंत्रभागांचे कारखाने तेथें आहेत. पाळी सुटली कीं माणसें शहराकडे परततात, आणि त्यांतील एखादा घरीं जातांना कागदांत गुंडाळलेली एक बाटली बरोबर नेतो. हा कोणी रस्त्यांत झिंगणारा दारुडा नव्हे. पगार महिन्याच्या महिन्याला पत्नीच्या हातीं देतो, मुलांची फी वेळेवर भरतो, सकाळच्या पाळीला कधीं उशीर करीत नाहीं. रात्रीं जेवणापूर्वीं एक बाटली बिअर, एवढाच काय तो त्याचा शौक. शेजारणीनें विषय काढलाच तर पत्नी म्हणते, "हे दारू नाहीं हो घेत, नुसती बिअर घेतात." परंतु ओटा आवरून झाल्यावर ती रिकामी बाटली रद्दीच्या पोत्यामागें ठेवतांना तिच्या मनांत जो प्रश्न उभा राहतो, तो तिनें कोणालाहि विचारलेला नसतो. ह्यांत काळजी करण्यासारखें कांहीं आहे का?

प्रश्न विचारला जात नाहीं ह्याचें एक कारण आपल्या रंगभूमींत सांपडतें. राम गणेश गडकऱ्यांचें 'एकच प्याला' १९१९ सालीं, गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर, रंगभूमीवर आलें. तेव्हांपासून मद्यपी म्हटला कीं मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें सुधाकर उभा राहतो : वकिली गमावलेला, संसाराची धूळधाण केलेला. आपल्या घरचा माणूस तसा नाहीं हें पाहून पत्नी निःश्वास टाकते. पण यकृत नाटक पाहत नाहीं. माणूस सभ्य आहे कीं असभ्य, पगार घरीं देतो कीं उधळतो, ह्याची त्याला दाद नसते. पोटांत किती मद्यार्क गेला एवढेंच तें मोजतें. म्हणून प्रथम मोजमाप पाहिलें पाहिजे.

आपल्याकडे बिअरची मोठी बाटली ६५० मिलिलिटरची असते. सौम्य बिअरमध्यें मद्यार्काचें प्रमाण शेंकडा ५ पर्यंत असतें. 'स्ट्राँग' म्हणून विकली जाते तींत तें ८ पर्यंत जातें, आणि आपल्या देशांत खप मुख्यतः ह्या दुसरीचाच आहे. शेंकडा ८ च्या बाटलींत ५२ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क झाला. मद्यार्क पाण्याहून हलका असल्यामुळें त्याचें वजन सुमारें ४१ ग्रॅम भरतें. आतां व्हिस्की घ्या. तिच्यांत मद्यार्क शेंकडा ४२.८ असतो, ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगांत तो सुमारें २० ग्रॅम येतो. म्हणजे 'नुसती बिअर' घेणारे हे गृहस्थ रोज रात्रीं व्हिस्कीचे दोन मोठे पेग घेत आहेत. पाणी अधिक आहे, फेंस आहे, एवढाच फरक. हाच हिशेब व्हिस्कीच्या नांवानें मांडला असता तर त्या गृहिणीनें शेजारणीला काय सांगितलें असतें बरें?

आठवड्याचा हिशेब धरला तर हे २८७ ग्रॅम होतात. ब्रिटनमधील सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांनीं २०१६ सालीं स्त्रीपुरुष दोघांनाहि आठवड्याला ११२ ग्रॅमांची मर्यादा सुचविली, आणि तेवढेंहि कांहीं दिवस वगळून घ्यावें असें सांगितलें. चिंचोळीच्या ह्या गृहस्थांचा आंकडा त्या मर्यादेच्या अडीचपट आहे. सौम्य बिअर घेतली तरी आठवड्याचे सुमारें १८० ग्रॅम होतात. जागतिक आरोग्य संघटनेनें तर २०२३ च्या जानेवारींत स्पष्टच जाहीर केलें कीं, मद्याचें निर्धोक असें कोणतेंहि प्रमाण दाखवितां येत नाहीं. थोडें मद्य हृदयाला हितकारक असतें, हें पूर्वीं पुष्कळ ऐकूं येई. पण त्या पाहण्यांत न पिणाऱ्यांच्या रांगेंत असेहि लोक बसविलेले होते, कीं ज्यांनीं प्रकृति बिघडल्यामुळेंच पिणें सोडलें होतें. त्यांच्या शेजारीं थोडें पिणारे धडधाकट दिसले, यांत नवल तें काय!

शरीरांत काय घडतें तें आतां पाहूं. मद्यार्काचा निकाल मुख्यत्वें यकृत लावतें. ताशीं साधारण ७ ते १० ग्रॅम, ह्याहून अधिक वेग त्याला साधत नाहीं. रात्रीं दहाला संपविलेली बाटली निस्तरतांना पहांटेचे दोन-तीन किंवा अधिकहि वाजतात. म्हणूनच "बिअरनें झोंप छान लागते" म्हणणारा माणूस मध्यरात्रीनंतर कूस बदलीत राहतो व सकाळीं जड डोक्यानें पाळीवर जातो. ह्या कामांत ॲसिटाल्डिहाइड नांवाचें एक विषारी द्रव्य मध्यें तयार होतें आणि यकृताच्या पेशींत चरबी सांठूं लागते. यकृताला दुखणें ठाऊक नाहीं; तें वर्षानुवर्षें मुकाट्यानें सोशीत राहतें. चरबीची अवस्था पिणें थांबविल्यास कांहीं आठवड्यांत ओसरूं लागते. तिच्यापुढची पायरी दाहाची, आणि त्यापुढें यकृत व्रणांनीं आकसून कठीण होतें. तेथून परत येणें फार अवघड. रसायनांच्या कारखान्यांत धोक्याच्या प्रक्रियेवर काम करणाऱ्यांची ठराविक मुदतीनें वैद्यकीय तपासणी होते, तिच्यावर पुष्कळजण भिस्त ठेवतात. पण रक्तांतील यकृताचे आंकडे बरेच दिवस बिनबोभाट राहूं शकतात, हें विसरूं नये.

यकृतावरच हें थांबत नाहीं. रक्तदाब वाढतो, रक्तांतील चरबी वाढते, आणि मद्यार्कापासूनच्या उष्मांकांनीं पोट सुटतें; एका 'स्ट्राँग' बाटलींतील मद्यार्क एकटाच जवळजवळ तीन पोळ्यांइतकी उष्णता देतो, बरोबरचे खारे शेंगदाणे वेगळेच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें मद्याची गणना १९८८ सालींच निश्चित कर्ककारक द्रव्यांत केली. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठें आंतडें आणि स्त्रियांचें स्तन, ह्या जागा त्यांत येतात. आपल्या भागांत तंबाखूची चिमूट गालांत ठेवण्याची संवय घरोघर आहे, आणि तंबाखू व मद्य एकत्र आलीं म्हणजे तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका दोहोंच्या बेरजेहूनहि अधिक होतो. ज्याच्या खिशांत चंची आणि हातांत बाटली, त्यानें तर हा भाग दोनदां ऐकावा.

कांहीं समजुती मात्र फार चिवट आहेत. बिअर म्हणजे जवाचें पाणी, अशी एक. जव असतो खरा. पण द्राक्षांची वाइन म्हणजे द्राक्षें नव्हेत. दुसरी मुतखड्याची. बिअरनें खडा विरघळून पडतो, असें मित्रच काय, कधीं कधीं शिकलेले लोकहि सांगतात. बिअरनें लघवी अधिक होते, कारण मूत्रपिंडांना पाणी राखण्याची आज्ञा देणारा स्राव मद्यार्क दाबून टाकतो. शरीर त्यानें कोरडें पडतें, आणि खड्याला कोरडें शरीरच मानवतें. शिवाय बिअरनें यूरिक आम्ल वाढतें, तें सांध्यांत सांचलें कीं अंगठा सुजून येतो. सोलापूरच्या वैशाखांत पारा ४२ अंशांवर असतांना दिवसभर यंत्रापुढें घाम गाळलेल्या माणसाला थंडगार बाटली अमृतासारखी वाटावी, हें समजण्यासारखें आहे. त्या वेळीं शरीर मागत असतें पाणी, आणि त्याला मिळतें पाणी काढून घेणारें पेय. आधीं दोन तांबे पाणी किंवा ताक पिऊन मग बाटलीची इच्छा किती उरते, हें एकदां पाहावें.

मग संवय कितपत जडली आहे हें घरच्यांनीं कसें ओळखावें? बाटल्या मोजून सगळें कळत नाहीं. कमी करावें असें त्याला स्वतःलाच वाटून गेलें आहे का, कोणी बोललें कीं तो चिडतो का, मागून खंत वाटते का, आणि सकाळीं उठतांच घोट घ्यावासा वाटतो का, हे चार प्रश्न वैद्य पुष्कळ वर्षांपासून विचारीत आले आहेत. दोहोंना 'होय' आलें तर वैद्याकडे जावें. ह्याहून साधी कसोटी घरांतच आहे. आठ दिवस बाटली आणली नाहीं तर काय होतें? जो सहज विसरतो त्याची गोष्ट वेगळी. जो तिसऱ्या सायंकाळीं मुलांवर ओरडूं लागतो, त्याला उत्तर मिळालेलें असतें.

येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. वर्षानुवर्षें पुष्कळ पिणाऱ्यानें, विशेषतः सकाळीं हात कांपणाऱ्यानें, एकाएकीं सोडणें धोक्याचें असतें. फेफरें येऊं शकतें, भ्रम होऊं शकतो, प्राणावरहि बेततें. अशानें वैद्याच्या देखरेखींतच सोडावें. बाटली मोरींत ओतून देणाऱ्या पत्नीचा हेतु चांगला असतो, परंतु ह्या कारणासाठीं तो मार्ग बरा नव्हे. आणि भांडणासाठीं तर तो हमखास आहे.

बोलावयाचें तें सकाळीं, चहाच्या वेळीं. पिऊन झाल्यावर बोललेलें कांहीं उरत नाहीं. "तुम्ही दारुडे आहांत" ह्या वाक्यानें दार बंद होतें. "अहो, त्या बाटलींत दोन पेग असतात म्हणे, एकदां यकृत तपासून घेऊं या का?" ह्यानें कदाचित् तें किलकिलें होईल. "अगं, मला कांहीं होत नाहीं," हें उत्तर पहिल्यांदा येणारच. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारावें. सोलापुरांत डॉ. वैशंपायन स्मृति शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें सर्वोपचार रुग्णालय आहे. पुण्यास १९८६ सालीं डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं सुरू केलेलें मुक्तांगण आहे. व्यसनमुक्तीसाठीं १४४४६ आणि मनाच्या आरोग्यासाठीं १४४१६ हे सरकारी दूरध्वनि क्रमांक आहेत, आणि ते पिणाऱ्यानेंच फिरवावेत असा नियम नाहीं. रद्दीच्या पोत्यामागें बाटली ठेवणारीनेंहि ते फिरवावेत.