कृष्णा खोऱ्यातील वारा, पाणी व वीज

महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून सुमारे दीडशे किलोमीटरांवरील आटपाडीस त्याचा दहावा हिस्साही लाभत नाही. सातारा व सांगली जिल्ह्यांतील विजेचा प्रश्न या विषमतेपासून अलग करता येत नाही. टेंभू, ताकारी व म्हैसाळ या उपसा जलसिंचन योजना कृष्णेचे पाणी पूर्वेकडील दुष्काळी माळावर चढवितात, आणि त्यास वीज लागते.

कोयना जलाशयाचे पाणी सुमारे ४७५ मीटर खाली कोकणात उतरवून जी वीज निर्माण होते, तिची किंमत खोऱ्याला मोजावी लागते. कारण ते पाणी वाशिष्ठीवाटे समुद्रास मिळते व कृष्णाकाठास अंतरते. कृष्णा पाणीतंटा लवादाने या वापरास वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली, ती याच कारणास्तव.

पाटण तालुक्यातील वनकुसवडे पठारावरील पवनचक्क्यांना पाणी लागत नाही. मात्र वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला की शक्ती एक-अष्टमांश उरते. परिणामी बहुतांश वीज पावसाळ्यात, म्हणजे पंपांची गरज अल्प असताना, हाती येते. लहान द्वीपराष्ट्रांना अशा वेळी महागड्या बॅटऱ्यांचा आश्रय करावा लागतो. येथे पावसाळ्यात कोयनेची जनित्रे विसावू देऊन वाचलेले पाणी उन्हाळ्यासाठी राखता येईल. कागदावर ही जुळणी निर्दोष दिसते.

परंतु ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर चढली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पूरनियंत्रणासाठी त्या दिवसांत धरणात रिकामी जागा हवी असते. जुलैत वाचविलेले पाणी ऑगस्टमध्ये संकट ठरू शकते. सर्व जनित्रे चालवून ते पश्चिमेस सोडावे, हा उपायही सरळ नाही. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीकाठचे चिपळूणच पाण्याखाली गेले होते.

या दृष्टीने म्हैसाळ योजनेचे पंप सौरशक्तीवर चालविण्याचा प्रकल्प अधिक लक्षणीय वाटतो. फेब्रुवारी ते मे या काळात ऊन विपुल असते, आणि पिकांची तहानही तेव्हाच तीव्र असते. दिवसाचा उपसा सूर्यावर सोपविल्यास कोयनेवर रात्रीचाच भार उरेल. मग जुलैअखेर जलाशय किती रिकामा ठेवावयाचा, याचा हिशेब विजेच्या दडपणावाचून मांडता येईल.